सेल्मरचा बिनचिठ्ठीचा डबा

बिलिंग्ज, २५ एप्रिल १९८३

प्रिय अर्व्हिडआजोबा,

तुम्ही अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीतून पाठवलेली बंदुकीची दारू नेमकी कोणती आहे? हा तुमचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. चार दिवस बाटली टेबलावर ठेवून मी तिच्याकडे पाहते आहे. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि 'रसायनशास्त्र शिकलेल्या पोरीला ठाऊक नसेल तर कुणाला' असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आधी हेच कबूल करून टाकते. रसायनशास्त्र शिकलेल्या पोरीला ठाऊक नाही.

दुसरं असं की ही दारू टपालाने पाठवायला मनाई आहे. बाटलीवर 'काळी मिरी' लिहिल्याने मनाई उठत नाही. पाकीट माझ्या हातात देताना पोस्टातल्या बाईंना शिंक आली. त्या म्हणाल्या, "तिखट असते हो गावाकडची." मी मान डोलावली, आणि दिवसभर मला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

दाणे बारीक, चपटे, करडे आणि सगळे एकसारखे आहेत. चिमूटभर अंगणात पेटवली तर फुस्स करून जळली. पण अशा दिसणाऱ्या आणि अशाच जळणाऱ्या दारू डझनभर तरी असतील. सेल्मरआजोबा गेल्यावर त्यांचा काडतुसं भरायचा बाक, तराजू आणि तो कॉफीचा डबा आजीने तुम्हाला दिला, हे योग्यच झालं. भाऊ तुमचा होता. पण डब्यावर चिठ्ठी नाही. लहानपणी त्याच बाकाशी बसून मी रिकामी काडतुसं पुसायची, तेव्हा आजोबा दर वेळी एकच सांगायचे: बाकावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, आणि ज्या डब्यावर नाव नाही त्यातलं काडतुसात घालायचं नाही.

तुम्हीही घालू नका. निदान मला थोडे दिवस द्या.

तुमची,
सिग्रिड


ब्रेविक, २ मे

सिग्रिड पोरी,

पत्र मिळालं. वाचून खुर्चीत बसलो. आधी बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो.

चार वर्षं कॉलेज, आणि उत्तर काय, तर ठाऊक नाही! अगं, ते तर मला इथे बसल्या जागी ठाऊक नव्हतंच. तुझा राग नाही. मास्तरांचा आहे.

बाकाशी तू बसायचीस ते खरं, पण अकरा वर्षं जूनमधल्या गोफर टिपायच्या शर्यतीत सेल्मर पहिला यायचा तेव्हा मी त्याच्या शेजारी, त्याच कुरणात पालथा पडलेला असायचो. माणशी वीस काडतुसं. समोर तेच गोफर, कुरण पोखरणारे, खारीएवढे, बिळातून डोकं काढून तेच दात दाखवणारे. बावीस कॅलिबरची बंदूक त्याचीही आणि माझीही. तो सतरा पाडायचा, मी सहा. मग फरक कशात? दारूत! वही काढून बघितली त्याची. वारा किती, ऊन कसं, गोळी किती वजनाची, सगळं लिहिलंय, अगदी दुपारी काय खाल्लं तेसुद्धा. आणि दारूच्या रकान्यात अकरा वर्षं एकच शब्द: 'नेहमीची'. बघ ना! मेला तरी सांगितलं नाही.

पण मला माहिताय ती कुठली. दोन वर्षांमागे, मे महिन्यात, मी त्यांच्या परसात गेलो तर सेल्मर हाच डबा हातात घेऊन उभा. मला म्हणाला, "वाईट नाही." आता तू आपल्याच घरातली. सेल्मर आयुष्यात किती वेळा 'वाईट नाही' म्हणाला सांग. लग्नाच्या दिवशी मार्गितला बघून एकदा, आणि तुझी पदवी हातात आली तेव्हा एकदा. आमच्यात याच्या वर शब्द नाही.

तर रविवारी डबा घेऊन चर्चच्या तळघरात गेलो, कॉफीच्या वेळी. हाल्वरने, आपला हार्डवेअरवाला, वरची चिमूट घेऊन हुंगली.
"ही माझी पिस्तुलाची," म्हणाला.
"तुझी कशी? डबा सेल्मरचा आहे."
"डबा त्याचा असेल. वास माझा आहे."
मग एयनारने पोत्यातला गहू बघावा तसा मनगटापर्यंत हात घातला, तळातली काढली, आणि म्हणाला, "हाल्वर, तुझं नाक ट्रॅक्टरला लाव. ही हरणाच्या बंदुकीची. संथ जळणारी. मी तीस वर्षं तीच भरतोय." मी ओरडत होतो, अरे ढवळू नका रे. पास्टर लुंडनी मधला एक दाणा जिभेवर ठेवला. गोडसर लागला म्हणाले. तासाभरात त्यांचं डोकं असं चढलं की संध्याकाळची प्रार्थना रद्द. म्हणजे जोर आहे, हे तरी ठरलं.

शर्यत अठरा जूनला. यंदाही शेजारच्या गावातल्या डेन लोकांशीच. सेल्मर नाही म्हणून ते आत्तापासून मला रस्त्यात बघून गाडीचा भोंगा वाजवतात. एक गोफर तर रोज सकाळी माझ्या कुंपणाच्या खांबावर बसून भुंकतो. त्यालाही कळलंय.

इकडे बाकी सगळं बरं. सेल्मरच्या थडग्यावर गवत काही धरत नाही. दोनदा बी टाकलं. नुसती पिवळी माती. मार्गित दर रविवारी बघते आणि काही बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

लवकर शोध. तू हुशार आहेस.

अर्व्हिड


बिलिंग्ज, ९ मे

प्रिय अर्व्हिडआजोबा,

शेगडीत सुकं गवत टाकलं तर भक्कन पेटून संपतं, आणि ओकचं लाकूड रात्रभर जळतं. दारूचंही तसंच आहे. पिस्तुलाच्या आखूड नळीला गवतासारखी लागते, हरणाच्या मोठ्या बंदुकीला लाकडासारखी. तुमच्या बावीसच्या छोट्या काडतुसाला मधली लागते. जास्त संथ घातली तर अर्धी न जळताच बाहेर पडेल आणि गोळी गोफरच्या पायाशी मातीत जाईल. तो भुंकेल, तुम्ही चिडाल, आणि तेवढ्यावर भागेल. पण हाल्वर म्हणतात तशी पिस्तुलाची असली, आणि तुम्ही काडतूस नेहमीइतकं भरलंत, तर गोळी पुढे सरकायच्या आत बंदूक मागच्या बाजूने फुटेल. तुमच्या तोंडाशी. तुम्हाला एकच डोळा आहे, आजोबा, आणि नेम धरताना तोच तुम्ही बंदुकीला लावता.

हे वास घेऊन ठरत नाही. मनगटापर्यंत हात घालूनही ठरत नाही. पास्टरांना माझ्यातर्फे सांगा, दाणे चाखायचे नसतात. त्यात हृदयाच्या औषधात असतं तेच द्रव्य असतं, डोकं त्यानेच चढलं.

आता मी काय केलं ते सांगते. माझ्या हातात जी प्रयोगशाळा आहे ती मातीची आहे. इथे लोक शेतातली माती पाठवतात आणि आम्ही तिला कोणतं खत हवं ते कळवतो. यंत्राला दुसरं काही कळत नाही. तरी तुमच्या बाटलीतला नमुना मी यंत्रात घातला. अर्जावर खोटं एक अक्षरही लिहिलं नाही. 'जमीन कुठली?' इथे लिहिलं, ट्वेट यांची, ब्रेविक. 'नमुना किती खोलीवरचा?' डबा आठ इंच खोल आहे, म्हणून आठ इंच. 'मागचं पीक?' माहीत नाही. खाली माझी पूर्ण सही केली. यातून फारसं निघेल असं वाटत नाही, पण काहीच न करता बसवेना.

तोवर मला शब्द द्या की एकही काडतूस भरणार नाही. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही 'लांबचा फोन आहे, महाग पडेल' असं सांगून माझाच फोन ठेवून दिला होतात.

तुमची,
सिग्रिड


ब्रेविक, २४ मे

सिग्रिड पोरी,

शाब्बास! राज्याच्या प्रयोगशाळेचा कागद थेट माझ्या पत्त्यावर आला. शिक्क्यासकट. चौकट करून बाकामागच्या भिंतीवर टांगलाय. लोक बघायला येतात.

एकेक ओळ पाठ झालीय. 'नत्र: मोजपट्टीच्या वर.' म्हणजे मोजताच येत नाही इतकी ताकद! 'चिकणमाती: आढळली नाही. गांडुळं: आढळली नाहीत.' म्हणजे भेसळ नाही. आणि शिफारस वाच: 'पातळ पसरून द्यावे, एकाच जागी ढीग करू नये, नंतर भरपूर पाणी द्यावे.' म्हणजे काडतुसात बेताने घाला, आणि बार झाल्यावर नळी धुवा. अगं, हे तर मी पन्नास वर्षं करतोय. 'बियाण्याला थेट लागू देऊ नये', हे तेवढं कळलं नाही, पण बियाणं मी तसंही बंदुकीत घालत नाही.

कागद घेऊन तळघरात गेलो. पास्टर लुंडनी मोठ्याने वाचला. हाल्वर म्हणाला, "ऐकलंत? मोजपट्टीच्या वर. म्हणजे जलद. म्हणजे माझी." एयनार म्हणाला, "कागदात जलद शब्द दाखव." मग आवाज वाढले. मग सगळ्यांना लाज वाटली आणि सगळे कॉफी ढवळत बसले, साखर न घालणारेसुद्धा. शेवटी पास्टर म्हणाले, मतदान घ्या. ठराव रीतसर मांडला: 'सेल्मर ट्वेट यांच्या डब्यातली दारू जलद आहे, असं ही सभा मानते.' एयनारने दुरुस्ती सुचवली, 'बऱ्यापैकी जलद'. ती पडली. ठराव अकराविरुद्ध सात मतांनी पास. पास्टरांनी मत दिलं नाही. त्यांचं डोकं अजून दुखतं.

आता जलद म्हटलं की माप कमी. किती कमी, त्यासाठी दुसरा ठराव लागला असता, पण कॉफी संपली. मी जरा हात आखडता घेईन.

तुझा शब्द पाळला, सभा होईस्तोवर भरलं नाही. आता सभा झाली. दारू थोडीच उरलीय, म्हणून आधी चाचणीचा बार काढून नासाडी करणार नाही. हाल्वर म्हणाला, बंदूक टायरला बांध आणि लांबून दोरीने ओढ. मी म्हटलं, सेल्मरच्या दारूला दोरी? त्यापेक्षा घरीच बसतो ना.

तू फार मदत केलीस. सेल्मर असता तर म्हणाला असता, तुला माहिताय काय ते.

अर्व्हिड


बिलिंग्ज, २८ मे

प्रिय आजी,

मी एक चूक केली आहे आणि ती आता चौकटीत बसून अर्व्हिडआजोबांच्या भिंतीवर टांगली आहे. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी पाच मिनिटं हसले आणि मग रागावले. नवा कागद पाठवता येईल का विचारलं, तर म्हणाले, "काय लिहू? ही माती नाही, बंदूक आहे?"

मतदानावर माझा फार विश्वास आहे, तुला ठाऊक आहे. कॉलेजात मी त्यावर निबंध लिहिला होता. पण काडतुसाला मतं कळत नाहीत. अठरा जूनला अर्व्हिडआजोबा त्या डब्यातली दारू भरलेली बंदूक डोळ्याला लावणार आहेत, आणि ती दारू कोणती हे कुणालाच माहीत नाही.

आजोबांनी कधी तुला सांगितलं होतं का, डब्यात काय आहे?

तुझी,
सिग्रिड


ब्रेविक, २ जून

प्रिय सिग्रिड,

मला कुणी विचारलंच नाही. ते मतदान करत होते तेव्हा आम्ही बायका भिंतीपलीकडे चर्चच्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. मला वाटलं, छपराबद्दल चाललंय.

तो कचऱ्याचा डबा आहे.

काडतुसं भरून झाली की मापात जी दारू उरायची, ती कोणत्या डब्यातली याची जरा शंका आली तरी तुझे आजोबा त्यात टाकायचे. बाकावर सांडलेली त्यातच. हाल्वरने पिस्तूल विकलं तेव्हा त्याची उरलेली आणून दिली, ती त्यात. एयनारची ओली झालेली, ती त्याच्या आधी. लोक आणून द्यायचे, हे ओतायचे. भरला की मे महिन्यात परसातल्या माझ्या रुबार्बच्या भाजीला घालायचे, पातळ पसरून. खत म्हणून तिच्यासारखं काही नाही. त्या सालचा रुबार्ब माझ्या खांद्याला लागला होता. अर्व्हिड आला तेव्हा हे डबा हातात घेऊन रुबार्बकडे बघत होते, आणि रुबार्बलाच म्हणाले, वाईट नाही. अर्व्हिडने कशाकडे बघितलं, ते मला काय माहीत.

नेहमीची म्हणजे हाल्वरच्या दुकानातली, दुसऱ्या फळीवरची. अर्व्हिडही तीच नेतो, गेली वीस वर्षं. दोघे मिळून एकदाच आणायचे.

तुझे आजोबा बार काढायच्या आधी श्वास सोडून थांबायचे. अर्व्हिड बोलत राहतो.

त्याला हे सांगू नकोस. फेब्रुवारीपासून तो संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन बसतो. मला खिडकीतून दिसतं. डबा त्याला देताना मला वाटलं, जुना आहे, खिळे ठेवेल.

मार्गित


ब्रेविक, ७ जून

सिग्रिड पोरी,

घाईत लिहितोय. काल सगळी वीस काडतुसं भरून टाकली. हाल्वर म्हणाला अजून अकरा दिवस आहेत, पण मला राहवेना. बाकाशी बसलो, आणि सेल्मरचं माप हातात घेतलं तर दांड्यावर त्याच्या अंगठ्याची जागा झिजलेली. त्याच जागी माझा अंगठा बसला.

मधेच दाणे बदलल्यासारखे वाटले. आधी चकत्या, मग काड्या. पण मला एक डोळा, आणि खिडकीतून ऊन सरळ तोंडावर. चकत्या आडव्या पडल्या की काड्यांसारख्याच दिसत असतील.

लाल खोक्यात ओळीने ठेवलीयत. डब्यात अजून चार बोटं उरलीय, ती पुढच्या वर्षाला. रोज एकदा खोकं उघडून बघतो. शर्यतीला ये जमलं तर. एकदा तरी मी सतरा पाडलेले आपल्यातल्या कुणीतरी बघायला हवेत.

अर्व्हिड


ब्रेविक, रविवार, १२ जून, दुपार

प्रिय अर्व्हिडआजोबा,

हे पत्र मी तुमच्याच बाकाशी बसून लिहिते आहे. तुम्ही अजून चर्चमध्ये कॉफी पीत असाल. परवा तुमचं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि काल दुपारची बस धरली. आजीने मला घरात लपवलं, आणि आज सकाळी डोकं दुखतं म्हणून चर्चला गेली नाही. पास्टरांनी लगेच विश्वास ठेवला असेल.

आजी म्हणाली होती की तुम्हाला खरं सांगू नकोस. मी दोन दिवस त्यावर विचार केला. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याला खोट्यात सुखाने ठेवणं मला जमणार नाही. तिला मी हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "शिकलीस ना, मग आता सोसायलाही शिक." आणि मग उठून हातोडी शोधायला लागली.

तर खरं असं. डबा आजोबांचा कचऱ्याचा होता. ज्याची जी उरली ती त्यात, एकावर एक थर. म्हणून हाल्वरनी वरची चिमूट घेतली तर त्यांना त्यांची पिस्तुलाची सापडली. ती खरंच त्यांची होती. एयनारनी तळातून काढली, तीही खरंच त्यांची. सभेत अठरा माणसं बोलली आणि अठराही बरोबर होती. असं मतदान मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही.

तुमची वीस काडतुसं मी आणि आजीने तुमच्या स्वयंपाकघरात उघडली. दार तुम्ही नेहमीसारखं उघडंच ठेवलं होतंत. आजोबांची ती पोकळ हातोडी अजून चांगली चालते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं, लाकडावर आपटायचं, की गोळी आणि दारू आत सुटते. आजी आपटत होती. पाचव्यानंतर ती म्हणाली, "नवऱ्याने मला हे चाळीस वर्षं करू दिलं नाही." विसाव्यापर्यंत ती गुणगुणत होती. एक-एक मी पांढऱ्या बशीवर ओतून पाहिलं. पहिली आठ काडतुसं हाल्वरची चकत्यांची. ती तुमच्या डोळ्यासमोर फुटली असती, हात कितीही आखडता घेतलात तरी. मधल्यांत दोन्ही मिसळलेल्या. शेवटची सहा एयनारच्या काड्यांची, ओली होऊन वाळलेली. त्यांतून गोळी नळीतच अडकून राहिली असती, आणि तुम्ही तिच्यामागून पुढची झाडून नळी फोडली असतीत.

आठवी बशी पाहिल्यावर मला थोडा वेळ बाहेर अंगणात जाऊन बसावं लागलं. कुंपणाच्या खांबावर तुमचा गोफर होता. तो माझ्यावरही भुंकला.

'नेहमीची' म्हणजे तुमची नेहमीचीच. तुम्ही दोघं वीस वर्षं एकाच डब्यातून निम्मी-निम्मी घेत होता. दारू बदलून सतरा होणार नाहीत, आजोबा. आजी म्हणते, ते बार काढायच्या आधी श्वास सोडून थांबायचे आणि तुम्ही बोलत राहता. शनिवारी एकदा न बोलता पाहा. कदाचित तरीही सहाच पडतील. डेन लोक भोंगा वाजवतील. त्यांना वाजवू दे. भोंगा कुठून वाजला हे तुम्ही तुमच्या डोळ्याने बघाल, मला तेवढंच हवं आहे.

बाकावर उजवीकडे दुसऱ्या फळीवरचा नवा डबा ठेवला आहे. हाल्वरनी काल बंद दुकान उघडून दिला. त्याचं झाकण मी फोडलेलं नाही, नाव आणि तारीख कारखान्याचीच आहे. वीस रिकामी काडतुसं पुसून लाल खोक्यात ओळीने लावली आहेत, लहानपणी लावायची तशीच. भरायची तुमची तुम्ही. मी भरली असती तर तुम्हाला न सांगता तुमच्या हातातलं काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि तसं मी आज एकदा केलंच आहे. मापाचा दांडाही तिथेच आहे.

डावीकडे तीन बशा आहेत, प्रत्येकीत एक चिमूट. बशांवर लिहिलं आहे: पहिलं काडतूस, दहावं, विसावं. खिडकीकडे पाठ करून बघा, मग माझ्यावर रागवा.

बाकीची सगळी, काडतुसांतली आणि डब्यातली चार बोटं, आजी आणि मी सेल्मरआजोबांच्या थडग्यावर टाकली. चौकटीतला कागद मी सोबत नेला होता आणि त्यात लिहिलं तसंच केलं: बी आधी दाताळ्याने मातीत खाली घेतलं, मग पातळ पसरली, कुठेही ढीग केला नाही, आणि चार बादल्या पाणी दिलं. तेव्हा कळलं की तो कागद पहिल्या दिवसापासून बरोबर होता, फक्त आपण तो चुकीच्या भिंतीवर टांगला होता. चर्चच्या आतून शेवटचं भजन ऐकू येत होतं आणि त्यात तुमचा आवाज सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे होता. आजीने रिकामी बादली खाली ठेवून ओल्या मातीकडे बघितलं. मग म्हणाली, "वाईट नाही."

डोक्याकडची हातभर जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. तीन बशांतल्या चिमटी तुम्ही स्वतः तिथे टाका. संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायला डबा लागला तर तोही आहे. मी तो गरम पाण्याने दोनदा धुतला, पुसला, उन्हात वाळवला आणि त्याच्या जागी परत ठेवला आहे. त्यावर आता चिठ्ठी आहे, आजच्या तारखेची, माझ्या सहीची. चिठ्ठीवर लिहिलं आहे: रिकामा.

तुमची,
सिग्रिड